वृंदगानातला आवाज

"आणि तू रे, तू कुठे शिकलास?" आईने ड्रमरला विचारलं.

ड्रमरने चहाचा कप खाली ठेवला. त्याच्या दोन्ही दंडांवर कुऱ्हाडी गोंदलेल्या होत्या आणि दाढीची वेणी छातीवर रुळत होती. त्याने शाळेतल्या मुलासारखं सरळ बसून उत्तर दिलं. वडील लग्नात वाजवणाऱ्या बँडमध्ये होते. त्यांची पाठ कामातून गेली तेव्हा मोठ्या ड्रमचा पट्टा त्याच्या गळ्यात आला, तो आजतागायत उतरला नाही.

बेसवाल्याला आईने आधीच विचारून घेतलं होतं. तो शहराच्या वाद्यवृंदात चेलो वाजवायचा; वाद्यवृंद बंद पडला आणि चेलो माळ्यावर गेला. कीबोर्डवाली मुलगी मावशीकडे शिकली होती. मावशी प्रार्थनेला ऑर्गन वाजवायची, आणि तिच्या वहीची पानं उलटता उलटता हिची बोटं तयार झाली.

"म्हणजे सगळे चांगल्या घरचे," आई म्हणाली. "मग हे असलं काय काढलंत?"

कुणी हसलं नाही. एरवी हसले असते. खिडकीपाशी तिचा मुलगा बसला होता, त्यांच्या बँडचा गायक. उद्या सकाळी त्याला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं आणि परवा त्याचं स्वरयंत्र काढणार होते. जीव वाचेलच असं डॉक्टर छातीठोक सांगत नव्हते. बोलणं मात्र नक्की जाणार होतं. तोवर घशाला ताण नको म्हणून तो दुपारभर हातवाऱ्यांवरच भागवत होता. तसंही आता त्याच्या तोंडून नुसती हवाच यायची.

त्यांचं संगीत वायकिंग मेटल. उत्तरेकडच्या जुन्या दर्यावर्दी लुटारूंच्या गोष्टी, कानठळ्या बसवणारी गिटार, खोटी कातडी, रंगवलेल्या ढाली, आणि मधोमध हा, पोटातून गुरगुरणारा. दिवसा तो शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवायचा. तिथे दिवसाकाठी चार शब्द बोलला तर खूप. रंगमंचावर मात्र त्याचा पहिला हुंकार आला की मागच्या भिंतीला टेकलेली माणसंसुद्धा सरळ उभी राहायची. आई एकदाच गेली होती ऐकायला. दुसऱ्या गाण्याला उठून आली. ते जनावर ओरडत होतं, माझा मुलगा नव्हे, असं तिने शेजारणीला सांगितलं होतं आणि ते त्याच्या कानावर आलं होतं.

ड्रमरने शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आणलं होतं. काकूंनी एकदा तरी ऐकावं, निदान आज, असं त्याने चाचरत सुचवलं.

"ते नको," आई म्हणाली. "त्यानेच गळा गेला त्याचा."

गाठीचा आणि गाण्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं. तिने ते कानाआड केलं होतं. ती उठली आणि कपाटातून रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट घेऊन आली. तोही शिकलाय म्हटलं, ती म्हणाली. शाळेच्या वृंदगानात होता.

जुना टेपरेकॉर्डर थोडा घरघरला. मग मुलं गायला लागली, पुष्कळ मुलं, एकमेकांच्या मागेपुढे. आणि एका ओळीला त्या गर्दीतून एक आवाज अलगद वर निघाला. त्याला कुठे खरचटलेलं नव्हतं. तो वर गेला, तिथे थांबला आणि घाई न करता खाली आला.

बेसवाल्याने डोळे मिटले होते. असा चोख सूर आमच्या वाद्यवृंदातही भल्याभल्यांना लागला नाही, तो म्हणाला.

"मी पुढेच बसले होते," आई म्हणाली. "याच्यावरून नजर हलवली नाही. केवढं तोंड उघडून गात होता." मग ती खिडकीकडे वळली. "हाच ना रे?"

त्याने मान हलवली. हो.

आईने डोळ्याला पदर लावला. ती ओळ तिने पुन्हा लावली, आणि आणखी एकदा. कीबोर्डवालीने तिचा हात हातात घेतला आणि कॅसेट मागितली. आम्ही थांबणार नाही, काकू, असं तिने सांगितलं. इथून पुढे प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात याच आवाजाने करू. आधी हा आवाज, मग आम्ही. लोकांना कळू दे आमचा गायक कोण होता ते.

'होता' हा शब्द तिच्या तोंडून निसटला. तो ऐकूनही आई पहिल्यांदाच त्या सगळ्यांकडे बघून हसली. तिने कॅसेट पुन्हा रुमालात गुंडाळून दिली. एवढी वर्षं ज्यांच्या नावाने बोटं मोडली, त्यांना तिने दारापर्यंत सोडलं. माझ्या मुलाचा आवाज जपा, म्हणाली.

तो त्यांना पोचवायला खाली आला. फाटकापाशी ड्रमरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असला गळा होता आणि इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीस, असं ड्रमर म्हणाला.

त्याने वर पाहिलं. खिडकीत आई उभी होती, हात हलवत होती. त्यानेही हात हलवला. ती आत जाईपर्यंत तो थांबला. मग त्याने कीबोर्डवालीच्या हातातून ती कॅसेट काढून घेतली. डॉक्टरांनी मनाई केली होती तरी तो बोलला. तिघांना अगदी जवळ वाकावं लागलं.

"हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा आवाज आहे. माझा घोगरा होता. बाईंनी मला नुसतं तोंड हलवायला सांगितलं होतं."