चावणारे बूट

काचेच्या पट्टीवरून शेवंती पुन्हा एकदा चालत गेली, तरी दिवा तांबडाच राहिला.

“व्हिसा शेवंती धुरींचा आहे, पण ही चाल त्यांची नाही,” इमिग्रेशनचा साहेब म्हणाला.

कागदी पासपोर्ट केव्हाच बंद झाले होते. आता माणसाची चाल हीच त्याची ओळख. काजूच्या तेलाने बोटांचे ठसे खाल्लेल्या शेवंतीला ते बरंच वाटलं होतं. आता मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. ओसाकातल्या वृद्धाश्रमातली नोकरी, लेकीचं कॉलेज, सगळं त्या दिव्यापाशी अडलं होतं.

साहेबाने तिच्या पायांकडे पाहिलं. “मावशी, लंगडताय का?”

“बूट चावतत ओ. माझ्या लेकीन घेतल्यान. म्हणता, फॉरेनाक काय अनवाणी जातलंस?”

“आणि चालीची नोंद कुठे झाली होती?”

“काजूच्या कारखान्यात. थंय खंयचे बूट?”

“अहो, मग काढा की ते!”

शेवंतीने बूट काढले. भेगाळलेली टाच गार काचेवर टेकली आणि ती नेहमीसारखी, उजवीकडे जराशी कलत, झपाझप चालत गेली. दिवा हिरवा झाला.

“सुटलंय बाय!” तिने वाकून बूट उचलले.

“घाला आता बूट,” साहेब हसत म्हणाला.

“नको रे बाबा. थंय उतरल्यार पण असोच दिवो आसतलो मां?”

आणि बूट काखेत मारून ती विमानाकडे निघाली, देवळात निघाल्यासारखी.