फेरविचार

राज्यपाल डॉ. गोपीचंद नादरे भावाच्या ओसरीवर चहा पीत बसले होते, तेवढ्यात फाटकावर गलका झाला. पोलीस एका म्हातारीला आत सोडत नव्हते. तासाभराने कुरुंद्यात साहेबांचा सत्कार होता, शाळेच्या मैदानावरून माईकचं 'हॅलो, हॅलो' इथवर ऐकू येत होतं.

"येऊ द्या त्यांना. कमरभाभी आहेत, आमच्या गावच्याच," साहेब म्हणाले आणि उठून उभे राहिले. साहेबांच्या लग्नात नव्या नवरीच्या हातात बांगड्या याच कमरजहाँने भरल्या होत्या.

साहेबांच्या मागे त्यांचे सचिव उभे होते. साहेब ज्या दूरच्या राज्याचे राज्यपाल, तिथलेच ते. मराठीचा त्यांना गंध नव्हता.

खुर्ची दिली तरी म्हातारी खालीच टेकली.

"गोपीभाऊ, वासिफसाठी आले."

ते साहेबांना कळलंच होतं. वासिफ तिचा एकुलता एक मुलगा. त्याच दूरच्या राज्यात एका वसतिगृहात तो आचारी होता. एका दुपारी जेवल्यावर तिथली दोन मुलं दगावली. वासिफच्या नखांतल्या मळात विष सापडलं. ते ज्या चाचणीत सापडलं ती चाचणी नादरेंनी शोधलेली. तेव्हा ते तिथल्या सरकारी प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांनी कोर्टात साक्ष दिली आणि वासिफला जन्मठेप झाली. पुढे चाचणीला त्यांचं नाव मिळालं, मग पुरस्कार आले, समित्या आल्या आणि निवृत्तीनंतर राजभवन.

"भाऊ, त्याच्या छातीत पानी झालंय. रात न् दिवस खोकून राहिला. सरकार आता जुन्या कैद्यांना सोडून राहिलं म्हनं. तुमच्या एका सहीची बात हाय."

"भाभी, राज्यपालाला आपल्या मनाने काही करता येत नाही. आधी सरकारची शिफारस यावी लागते."

"आली न्हाई?"

"नाही अजून."

शिफारस दिवाळीपासून त्यांच्या टेबलावर पडून होती. त्यात कारणही दिलं होतं. एका तरुण संशोधिकेने दाखवून दिलं होतं की नादरे चाचणी नखांतल्या साध्या हळदीलाही विष ठरवते. साहेबांनी जुन्या प्रयोगशाळेत जाऊन स्वतःच्या हाताने पडताळा घेतला होता. पोरगी बरोबर होती. पण सही केली की वासिफ सुटणार आणि चाचणी बुडणार. त्या चाचणीवर आणखीही माणसं आत होती. एकदा दार उघडलं की सगळ्यांनाच उघडावं लागलं असतं.

म्हातारीने हात जोडले. हंगाम चालू होता, गावात जिकडेतिकडे हळद शिजत होती. तिची नखं मुळापर्यंत पिवळी होती. साहेबांनी नजर कपाकडे वळवली.

"एक इचारू, भाऊ? रागावू नका." तिने आवाज खाली आणला. "समदं गाव म्हनतं, वासिफ असं करायचा न्हाई. मीबी तेच म्हनते. पर मी आई हाय, मी म्हननारच. तुमी त्याला लहानपनापासून बघितलं. तुमी एवढे शिकलेले. तवा तुमी बराबर बघितलं व्हतं ना? तुमी म्हनाल ते मी मानते."

या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला साहेबांना कुणाचीही शिफारस लागत नव्हती.

त्यांनी कप खाली ठेवला. लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात ते म्हणाले, "भाभी, चाचणी चुकत नाही. विष त्याच्याच नखांत होतं."

म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिची मान होकाराने हलली.

"आन् मी दर ईदीला तिथवर जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवत व्हते," ती म्हणाली. तिने उजवा हात पदराला पुसला. पुन्हा पुसला. मग पुसतच राहिली.

भिंतीचा आधार घेऊन ती उठली. "मग त्याला सोडू नका, भाऊ. शिफारस आली तरी सोडू नका. त्या लेकरांच्याबी आया असतील. त्यांचं काय?"

साहेबांनी तिचा हात धरला आणि तिला फाटकापर्यंत पोचवलं. बाहेर जमलेली माणसं बघत होती.

"केवढा मोठा मानूस," कुणीतरी म्हणालं, "पर गावची मानसं इसरला न्हाई."

साहेब ओसरीवर परतले. म्हातारी काय म्हणत होती, असं सचिवांनी विचारलं.

"ते वसतिगृहाचं प्रकरण. त्या आचाऱ्याची आई," साहेब इंग्रजीत म्हणाले. सत्काराला जायचं म्हणून त्यांनी जाकिटाची बटणं लावायला घेतली. "ती शिफारस आता फेरविचारासाठी सरकारकडे परत पाठवून द्या. आणि शेऱ्यात लिहा, कैद्याच्या आईचाही सुटकेला विरोध आहे."