सहावं कुलूप

रिफायनरीत टाकीत दुरुस्तीला उतरणारा प्रत्येकजण आधी आत तेल सोडायच्या व्हॉल्व्हला आपलं कुलूप लावायचा, म्हणजे तो आत असताना कुणाला तेल सोडता येऊ नये, आणि बाहेर आल्यावर स्वतःच ते काढायचा. काम संपलं, टाकीचं झाकण बसलं, पाच कुलुपं निघाली; सहावं, वेल्डरचं, तिथेच लटकत राहिलं. त्याचा फोन लागेना. “घरी गेला असेल वेंधळा,” साहेब खेकसले. “फाटकावर टँकर खोळंबलेत, शहरातले पंप कोरडे पडलेत. कापा ते कुलूप!” मुकादमाने कटर उचलला, तसा म्हातारा फिटर व्हॉल्व्हला पाठ लावून उभा राहिला. “आधी झाकण उघडून आत बघू.” “तासभर जाईल त्यात! नोकरी नकोशी झालीय का तुम्हाला?” फिटरने खिशातून एक गंजलेलं कुलूप काढून साहेबांच्या हातावर ठेवलं. त्याची कडी कापलेली होती. “माझ्या धाकट्या भावाचं आहे, साहेब. तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते... घरी गेला असेल.”