लीद पडेपर्यंत

तोरू पुन्हा पुढच्या गुडघ्यांवर आला. शारशेननं दोर ओढला, मागून त्याच्या बायकोनं, बुरूलनं, खांदा लावला, तरी घोडा उठेना. तो मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघत होता, आत कुणी चोर शिरल्यासारखा. कोठीची कडी निसटली आणि त्यानं सातूचं पोतं निम्मं केलं, त्याची ही शिक्षा. पोटात मुरडा, कानामागे घाम, आणि पहाटेपासून लीदेचा पत्ता नाही. आता तो आडवा होऊन लोळला की आतडं पिळलं जाणार. मग जनाज्याच्या नमाजालाच लोकांना बोलवायचं.

तेवढ्यात फाटकातून ओरोज आत आला. शारशेनचा धाकटा भाऊ. राहतो ओढ्यापलीकडे, पण वडिलांच्या वर्षाच्या जेवणापासून त्यानं या अंगणात पाय ठेवला नव्हता. त्या जेवणात जनावराच्या पुठ्ठ्याचं मानाचं हाड त्याच्याऐवजी शहरातल्या एका पाहुण्याच्या ताटात गेलं. शारशेन म्हणाला, चुकून गेलं. ओरोज म्हणाला, मुद्दाम. पाहुण्यानं ते हाड धड चाटलंही नाही. हे दोघे मात्र इतकी वर्षं चघळत बसले.

ओरोजच्या पायात स्वारीचे उंच टाचेचे बूट होते आणि बुटात खोचलेल्या सुरीची मूठ दिसत होती.

"सुरी आणलीय," तो घोड्याला म्हणाला. भावाकडे त्यानं पाहिलंही नाही. "आपसूक मेलास तर तुझं मांस हराम होईल, आणि तुझ्या मालकाला वेळेवर कापायचंसुद्धा सुचायचं नाही."

"सुरीला आमच्याकडे तोटा नाही म्हणावं," शारशेनही घोड्यालाच म्हणाला.

"ते बिचारं मरतंय आणि तुम्ही त्याच्या हाती निरोप धाडताय," बुरूल म्हणाली. "भाऊजी, सुरी राहू द्या. खांदा लावा."

ओरोजनं खांदा लावला. तोरू थरथरत उभा राहिला.

"लीद पडेपर्यंत थांबतो," ओरोज म्हणाला. "पडली की निघालो. चहा टाकू नका."

फेऱ्या सुरू झाल्या. गवताच्या गंजीभोवती, फाटकापाशी वळून, भिंतीच्या कडेनं परत. एकानं दोर धरायचा, दुसऱ्यानं मागून हाकायचं, दमलं की एकेकानं टेकायचं, मग बदलायचं. बुरूल दारातून बघत होती. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा हा ओरोज शेंबडा पोर होता, तिच्या पांघरुणात शिरून झोपायचा. आता त्याची धाकटी मुलगी चालायला लागली होती म्हणे. बुरूलनं तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. या घोड्यानं आज जे केलं, ते गावच्या साऱ्या पांढऱ्या दाढ्यांना जमलं नव्हतं. तिनं मनातल्या मनात दुवा मागितली, अल्ला, लीद पडू दे. आणि लगेच जोडून दिलं, पण इतक्यात नको. एका घोड्यासाठी दोन उलट्या मागण्या. देणाऱ्यानंही डोकं खाजवलं असेल.

"हळू चालव म्हणावं त्याला," शारशेन घोड्याला म्हणाला.

"मग तूच धर की," ओरोज म्हणाला.

तू. बुरूलच्या हातातली किटली तशीच राहिली. हे घोड्याला नव्हतं.

शारशेननं दोर घेतला. पुढच्या फेरीत त्याचा आवाज आला, "बाबांचा करडा घोडा असाच करायचा. मामाच्या गावाला निघालं की पोट दुखायचं त्याचं."

"करड्याचं कुठलं? बाबांचंच दुखायचं. करडा उगाच बदनाम झाला."

दोघे हसले. आपण हसलो हे लक्षात आल्यावर दोघांनीही घोड्याकडे पाहिलं.

बुरूल गवत आणायला गंजीमागे गेली आणि जागीच थांबली. बर्फावर लीद पडली होती. भरपूर, वाफाळती. तोरू वाचला. तिचे डोळे भरून आले. ओरडून सांगायचं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. फावडं घेऊन तिनं त्यावर बर्फ ओढला, वरून थोपटला, आणि गवताचा भारा घेऊन काही घडलंच नाही अशी घरात आली. मग तिनं चुलीवर मांस चढवलं.

ऊन कललं. तोरू आता जाता जाता गंजीतून गवत ओढून खात होता. ओरोजनं त्याचं पोट चाचपलं.

"कडकच वाटतंय अजून."

"कडकच आहे," शारशेननं पोटाला हातही न लावता सांगितलं.

बुरूल मनात म्हणाली, जन्म घोड्यांत गेला आणि यांना एवढं कळू नये. बरंच झालं.

सूर्य टेकला तेव्हा तिनं हाक मारली, "दोन घास ऊन ऊन खा. मग फिरवा हवं तर."

"फिरवायला ताकद लागते, म्हणून," असं बजावून ओरोजनं बूट काढले. तो जेवला. पुन्हा वाढून घेतलं. चहा नको म्हणाला होता, तो वाटीमागून वाटी प्यायला. मग भिंतीला टेकला. शारशेननं उशी त्याच्याकडे सरकवली.

"उद्या येईन," ओरोज डोळे मिटून म्हणाला. "घोडा बघायला. पोरींनाही आणतो, वहिनी. त्यांनाही घोडा बघायचाय."

"आणा की," बुरूल म्हणाली.

आपला ढीग जमिनीला चिकटायच्या आत उचलावा म्हणून ती टोपली घेऊन बाहेर आली. गंजीमागची लीद वरून गोठली होती, आत अजून मऊ होती. टोपली उचलून ती वळली, तर फाटकापाशी बर्फाचा एक उंचवटा दिसला. सकाळी नव्हता. तिनं फावडं घातलं. खाली लीद, तिच्या ढिगाहून कडक. भोवती नवऱ्याच्या लोकरी बुटांचे बसके ठसे. बुरूल तिथंच उभी राहून हसली. मग सहज तिची नजर भिंतीच्या कोपऱ्यात गेली.

तिथली लीद दगडासारखी गोठली होती, म्हणजे सगळ्यांच्या आधीची, दुपारच्याही आधीची. आणि तिच्यावरचा बर्फ उंच टाचेच्या बुटांनी दाबून दाबून बसवलेला होता.