नानांची वेळ

"साडेसात न्हाई, सात," गिरिजाबाई म्हणाल्या. "सातच्या बातम्या कधी चुकवल्या का त्यायनं?"

प्रीतीने मोबाईलवर वेळ बदलली. रेडिओ सातला सुरू, साडेसातला बंद. नानांच्या खोलीतला दिवा सात ते दहा. स्वयंपाकघरातला साडेसहा ते साडेआठ. बाहेरच्या ओट्यावरचा सहापासून पहाटेपर्यंत.

नाना, म्हणजे प्रीतीचे वडील कडूबा गुरुजी, जाऊन दोन महिने झाले होते. प्रीती पुण्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. उद्या ती आईला, गिरिजाबाईंना, घेऊन तिकडे जाणार होती आणि टेंभुर्णीतलं घर बंद राहणार होतं. मागच्याच महिन्यात गल्लीच्या टोकाचं एक बंद घर चोरांनी फोडलं होतं. म्हणून तिने ठरलेल्या वेळी आपोआप चालू-बंद होणारे स्विच आणले. ते बसवण्यात तिचे दोन दिवस गेले. दिवा रोज त्याच मिनिटाला लागला तर पाहणाऱ्याच्या लक्षात येतं, म्हणून तिने दोन-चार मिनिटांचा फरक ठेवला. खिडक्यांना उजेड दिसेल पण आतलं दिसणार नाही असे पडदे लावले. पुढच्या दाराला आतून कडी घालायची आणि कुलूप मागच्या दाराला, असं ठरवलं.

गिरिजाबाईंना चोरांची काळजी नव्हती. घरात नेण्यासारखं काही नव्हतंच.

"सूरज आला अन् घरात अंधार दिसला, तर त्याला वाटंल, आता हितं कुणीच न्हाई," त्या म्हणाल्या. "तसंच माघारी जाईल पोरगं."

प्रीतीचा भाऊ सूरज घर सोडून गेला, त्याला सात वर्षं झाली होती. डॉक्टरकीचं शिक्षण दुसऱ्या वर्षी सोडून तो घरी आला, त्या दिवशी नाना ओट्यावर आडवे उभे राहिले होते. "मी जिता हाये तवर या घरात पाय ठिवू नको," ते म्हणाले. सूरज म्हणाला, "न्हाई ठिवत." पिशवी त्याच्या खांद्यावरच होती. तो तसाच वळला. पुढे त्याचा नंबर बंद झाला. नाना आजारी पडले तेव्हा प्रीतीने त्याच्या जुन्या मित्रांकडे चौकशी केली. तो गुजरातेत कुठल्याशा कारखान्यात आहे, एवढंच कळलं. शेवटच्या आठवड्यात नानांनी दोनदा विचारलं, "आला का?" कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. ते गेल्याचं सूरजला कळवायला पत्ता नव्हता.

सातला खोलीतला रेडिओ आपोआप सुरू झाला. शेजारची नंदाबाई पिठाने भरलेले हात तसेच घेऊन दारात आली.

"अगं माय, मला वाटलं गुरुजीच बसले की काय आत," ती म्हणाली. "मानूस गेलं, पर टाइम न्हाई गेला त्यायचा."

गिरिजाबाई हसल्या. मग प्रीतीला म्हणाल्या, "आवाज वाढव थोडा. त्यायला कमी ऐकू यायचं."

प्रीतीने आवाज वाढवला. फाटकाबाहेर जाऊन ऐकून आली. बरोबर ऐकू येत होता.

पुण्यात गिरिजाबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "लागले का?" प्रीती मोबाईल पुढे करायची. सगळे दिवे लागलेले असायचे. वीज जाऊन आली तरी वेळ चुकत नव्हती. दहा महिन्यांत यंत्रणेत एकही बिघाड झाला नाही.

नाना जाऊन वर्ष झालं तेव्हा पुण्यानुमोदनाच्या विधीला दोघी गावी आल्या. मागचं कुलूप काढून आत शिरतात तोच नंदाबाई एक पिशवी घेऊन आली.

"कापूस येचायच्या दिवसात सापडली. सकाळी पाहिलं तर तुमच्या फाटकाला अडकवेल व्हती. साडी हाये आत," ती म्हणाली. "फोन करावा म्हनलं. मंग म्हनलं, कुन्या पाहुन्यानं ठिवली असंल, आल्यावर देऊ."

साडी हिरवी होती, बारीक काठाची. घडीत वहीचा एक कागद होता. गिरिजाबाईंचा चष्मा अजून सामानात होता, पण अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं. त्या नानांच्या खुर्चीवर बसल्या.

प्रीतीने आधी कागद उलटून पाहिला. मागे नंबर नव्हता. पत्ताही नव्हता. मग तिने मनातल्या मनात वाचलं. वाचून झाल्यावर तिने कागदाची घडी घातली.

"मोठ्यानं वाच," गिरिजाबाई म्हणाल्या.

"आई, नंतर वाचू. आधी चहा..."

"वाच म्हनलं ना."

प्रीतीने वाचलं.

"आई, सातच्या आधीपासून समोरच्या लिंबाखाली उभा होतो. तोंडाला रुमाल होता, कुणी ओळखलं नाही. वाटलं होतं, नाना बाहेरगावी गेलेले असले तर तुला भेटून जाईन. पण सातला त्यांचा रेडिओ लागला. आवाज अजून तेवढाच मोठा. तू स्वयंपाकघरात होतीस. साडेआठला तू लाइट बंद केलास, तोवर थांबलो. हाक मारावी वाटत होतं, पण नानांच्या खोलीतला दिवा चालू होता. त्यांच्यासमोर शब्द मोडवला नाही. पुढच्या आठवड्यात मस्कतला कामाला जातोय. आता येणं होईल असं वाटत नाही. नाना घरात आहेत, तू एकटी नाहीस, हे डोळ्यांनी पाहिलं, म्हणून निवांत जातोय. त्यांना म्हणावं, शंभर वर्षं जगा."