मूळचा हॉर्न

खांदा कॉलनीतल्या निकेशने वीस वर्षं बंद पडलेला बाबांचा ट्रक वर्षभर खपून पुन्हा उभा केला. सगळं मूळचंच हवं, असा त्याचा हट्ट. दारावरच्या मोराचे रंगसुद्धा त्याने जुना फोटो बघून जुळवले. याच ट्रकमधून बाबांनी उभी हयात उरणचं मीठ पेणला वाहिलं होतं. त्यांनी मात्र एकच लकडा लावला होता, "पोरा, हॉर्न तेवढा नवा बसव. जुना कानाला लय बोचतो."

निकेशने ऐकलं नाही. जुनाच हॉर्न दुरुस्त करून घेतला आणि पहिल्या फेरीला आईबाबांना घेऊन पेणला मामाकडे निघाला.

कर्नाळ्याच्या पुढे एका गावात म्हशी आडव्या आल्या. निकेशने हौसेने लांबलचक हॉर्न दिला. म्हशी काही हलल्या नाहीत, पण रस्त्याकडेच्या घरातून सत्तरीची एक बाई केसांत अबोली खोचत लगबगीने बाहेर आली.

"जगन! किती वर्सांनी रं! थांब, च्या टाकते."

बाबा म्हशींकडे एकटक बघत राहिले. आईने पदर सावरला, दार उघडलं आणि सावकाश खाली उतरली.



"निकेश, तू बाबाला घेऊन फुडं जा. आमाला दोघींना लय बोलायचं हाय."