घुबडाचा डावा डोळा

मावशीनं भंगारातून घुबड घडवलं होतं आणि आता त्याचंच पेन्सिलचित्र काढत बसली होती, गंजाचा एक ठिपकाही न सोडता. पायाशी ताईच्या जुळ्या मुली रांगत होत्या. थोरलीनं भोंगा पसरला, खोकली, म्हणून मावशीनं मान वर केली, तर घुबडाचा डावा डोळा गायब! थोरलीला उचलून ताई आणि मावशी दवाखान्यात धावल्या.

"गिळलंय काय? बटण की आणखी काही?" डॉक्टरांनी विचारलं.

 मावशीनं घुबडाच्या डाव्या डोळ्यावर बोट ठेवून कागद पुढं केला.

"फोटो आणलात, बरं केलंत."

"चित्र आहे हो ते."

डॉक्टर वाकले. डोळ्यावर अधिकचं चिन्हसुद्धा उतरलं होतं. "अहो, हा घड्याळातला सेल आहे! संपलेला असला तरी आतून भाजतो. आधी एक्स-रे काढा."

"तू आणि तुझं भंगार!" ताई एवढंच म्हणाली.

एक्स-रे स्वच्छ निघाला. "घशात नाही, पोटातही नाही. सापडेल पलंगाखाली," डॉक्टर हसले.

ताईनं लेकीचे पटापट मुके घेतले. "हिचं नेहमीचंच गं. धाकटीनं हातातलं काही ओढून घेतलं की झाला भोंगा सुरू!"

डोळे पुसणारा मावशीचा हात थांबला. "ताई, धाकटी कुठंय?"

"शेजारच्या काकूंकडे. आत्ताच फोन केला होता. गुणाची माझी बाय! दूध नको म्हणते, नुसती लाळ गाळत गप्प बसलीय म्हणे. दात येत असतील."